बारावीवर परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं तर: कंबोडियाचा रस्ता, ऑनलाइनची वाट आणि अर्धवट राहिलेली डिग्री

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हा मी कराडला एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी शिकवत होतो. बाहेर जाऊन हेच काम करावं असं मनात होतं, पण जो भेटेल तो एकच विचारायचा, "डिग्री नाही, मग घेणार कोण?" पुढे कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, अडीच वर्षं शिकवलं आणि मग कळलं, की घोडं अडतं ते दुसरीकडेच. डिग्री हवी की नको हे शाळेच्या हातात फारसं नसतं. ते त्या देशाचं सरकार व्हिसाच्या नियमांत ठरवतं, आणि सरकार डिग्रीच्या आधी पासपोर्ट बघतं. अमेरिकन किंवा ब्रिटिश पोरांनी लिहिलेले "डिग्रीशिवाय शिकवा, जग फिरा" छापाचे लेख आपल्याला निम्मेच लागू पडतात ते यामुळे. हा लेख भारतीय पासपोर्ट खिशात असलेल्या, बारावी झालेल्या माणसासाठी आहे.

आधी देश गाळून घ्या

चीनमध्ये इंग्रजी शिकवायला पदवी लागते, तिच्यासोबत दोन वर्षांचा अनुभव किंवा १२० तासांचं प्रमाणपत्र लागतं, आणि एवढं असूनही पसंती इंग्रजी मातृभाषेच्या देशांच्या पासपोर्टला असते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे आपल्यासाठी एक फट उघडली खरी, पण तिच्यातून आत जायलाही पदवी लागतेच. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटला पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात. थायलंडच्या शाळांमध्ये पदवीशिवाय शिक्षक परिषदेची परवानगी मिळत नाही. जपानमध्ये शिकवण्याच्या नोकरीवर जाणाऱ्याकडे साधारणपणे पदवी मागतात. (जपानला एक मागचं दार आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.)

"अहो, पण अमका थायलंडमध्ये टुरिस्ट व्हिसावर शिकवतोय की!" असेल शिकवत. पकडला गेला तर दंड, हद्दपारी आणि पासपोर्टवर कायमचा डाग. बँकॉकच्या खाओ सान रोडवर बनावट पदव्या विकत मिळतात ही गोष्ट जगजाहीर आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना ती माहीत नसेल असं समजणं भाबडेपणाचं आहे.

गाळून उरतो तो मुख्यतः कंबोडिया. तिथे व्हिसा पदवीशी बांधलेला नाही. शाळा आपापल्या अटी ठेवतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळांना पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही हवी असते, तिथे आपला नंबर लागत नाही. पण नॉम पेन्ह आणि सिएम रीपमध्ये खाजगी इंग्रजी शाळा, बालवाड्या आणि संध्याकाळचे क्लास भरपूर आहेत. तिथे फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने दिसतात आणि भारतीयही अधूनमधून भेटतात.

नेपाळचंही नाव काहीजण घेतात. १९५० च्या मैत्री करारामुळे तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं, पण पगार पाहिला तर माणूस कराडलाच राहील.

तिकीट काढण्याआधी हे वाचा

कंबोडिया, लाओस आणि म्यानमार या तीन देशांत नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना बोलावून ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून ठेवण्याचे प्रकार गेली काही वर्षं चालू आहेत. पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना गंडा घालायला लावतात. भारत सरकारने याबद्दल वारंवार इशारे दिलेत, आणि नॉम पेन्हमधल्या आपल्या दूतावासाने शेकडो जणांची सुटका करून त्यांना परत पाठवलंय. बोलावताना काम सांगतात "डेटा एंट्री", "कस्टमर सपोर्ट", "डिजिटल मार्केटिंग". आता कोणी "इंग्लिश टीचर" सांगून बोलावलं तर आश्चर्य वाटायला नको.

म्हणून एक खूणगाठ बांधा. छोट्या इंग्रजी शाळा भारतातून शिक्षक आयात करत नाहीत. त्यांना माणूस समोर लागतो, पंधरा-वीस मिनिटांचा डेमो बघायचा असतो. न बघता नोकरी, वर विमानाचं तिकीट, वर महिना हजार-दीड हजार डॉलर आणि राहणं-खाणं फुकट, असं कोणी देऊ करत असेल तर तो शाळावाला नाही. विमानतळावर गाडी घेऊन येणारा माणूस शहराबाहेर नेत असेल तर गाडीत बसूच नका. पासपोर्ट "फक्त नोंदणीसाठी" दोन दिवस मागितला तर झेरॉक्स द्या.

भारतातल्या एजंटचंही तेच. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघता येतो. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. कंबोडियासाठी खरं तर एजंटची गरजच नाही. माझ्याकडे जिल्ह्याच्या गावातल्या एका "कन्सल्टन्सी"ने सव्वा लाख मागितले होते, आणि त्यात काय-काय येतं असं विचारल्यावर त्या गृहस्थाने चहा मागवला.

पहिले सहा महिने: घरी बसून करायची तयारी

स्वतःच्या इंग्रजीकडे एकदा परक्याच्या कानाने ऐका. आपण चांगलं बोलतो असं आपल्याला वाटतं, कारण समोरचाही आपल्यासारखंच बोलत असतो. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स", "कझिन ब्रदर", "डिस्कस अबाउट", "रिटर्न बॅक", "ही इज माय रिअल ब्रदर", हे सगळं मराठीतून सरळ उतरलेलं आहे. सख्खा भाऊ या शब्दाला इंग्रजीत जागा नाही, तरी आपण ती करून देतो. उच्चारात आपली अडचण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच "व" वापरण्यात आहे, आणि शिप-शीप, फुल-फूल असे ऱ्हस्व-दीर्घ एकमेकांत घुसवण्यातही. तेवढं सुधारलंत तर निम्मं काम झालं. ब्रिटिश नाहीतर अमेरिकन ढंग ओढून-ताणून आणू नका, डेमोत तो पाचव्या मिनिटाला गळून पडतो. स्वच्छ, सावकाश आणि शब्दाच्या योग्य भागावर जोर देऊन बोललात की भारतीय इंग्रजी कोणालाही कळतं.

पातळी सिद्ध करायला कागद हवा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात किंवा वर असेल तर बायोडेटात ते सगळ्यात वर लिहा. केंब्रिजची सी-२ प्रोफिशियन्सी ही त्याहून अवघड परीक्षा आहे. १९१३ मध्ये ती पहिल्यांदा घेतली तेव्हा तिघेजण बसले होते आणि तिघेही नापास झाले, तेव्हा तिचं फार मनावर घेऊ नका.

आता प्रमाणपत्र. यात बाजार मोठा आहे आणि कचराही तेवढाच. "१२० तासांचा टेफल" हे शब्द सगळीकडे दिसतील. टेफल म्हणजे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, पण त्या नावावर कोणाची मालकी नाही आणि त्यावर लक्ष ठेवणारी जागतिक संस्थाही नाही. दोन-तीन हजारांत ऑनलाइन मिळणाऱ्या कोर्समध्ये बहुपर्यायी प्रश्न सोडवले की पीडीएफ हातात येतं. कंबोडियातल्या छोट्या शाळेत तेवढं चालून जातं, पण तुम्हाला शिकवता मात्र येत नाही.

खरं वजन दोन प्रमाणपत्रांना आहे: केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्ट-टीसॉल. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. सेल्टाचे किमान १२० तास, पूर्णवेळ केलं तर चार आठवडे, चार लेखी असाइनमेंट. बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे सेल्टाला पदवी लागत नाही. वय १८ च्या वर हवं आणि उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल एवढं शिक्षण हवं, म्हणजे आपली बारावी. प्रवेशाआधी मात्र व्याकरणाचा लांबलचक पेपर सोडवून द्यावा लागतो आणि मुलाखत होते. "आय हॅव लॉस्ट माय की" आणि "आय लॉस्ट माय की" यांत फरक काय, हे नियम न सांगता प्रसंगातून समजावता आलं पाहिजे. फी लाखाच्या वर जाते, म्हणून उडी घेण्याआधी विचार करा. पण पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला. ऑनलाइन सेल्टाही मिळतं, त्यामुळे मुंबई-दिल्लीला चार आठवडे खोली करून राहण्याचा खर्च वाचतो.

सेल्टाला पैसे नसतील तर दुसरा मार्ग लांबचा आहे, पण फुकट आहे. गावातल्या क्लासमध्ये किंवा ओळखीच्या शाळेत आठवड्याला सहा-आठ तास शिकवा, आणि एक अट स्वतःला घाला: तासात मराठी बोलायची नाही. ही अट का, ते पुढे कळेल. प्रत्येक तासाची दोन ओळींत नोंद ठेवा. सहा महिन्यांनी मुख्याध्यापकांकडून किंवा क्लासवाल्यांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या, त्यात तास आणि वयोगट आकड्यांत लिहून घ्या. माझ्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा या पत्रावर जास्त वेळ गेला.

कागदपत्रं

महाराष्ट्रातल्या माणसाची पहिली अडचण नावाची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, त्यात एखाद्याने मधलं नाव गाळलेलं किंवा "ई"ऐवजी "डबल ई" लिहिलेलं. परदेशी कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास दुप्पट होतो. जाण्याआधी सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या, आणि जमत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सोबत ठेवा.

दहावी पास असलेल्याला एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याच्या सरकारी परवानगीची, सक्ती नसते, पण अर्ज करताना दहावीचा दाखला जोडला नसेल तर पासपोर्टवर त्या सक्तीचा शिक्का बसलेला असू शकतो. असेल तर पासपोर्ट पुन्हा काढताना तो काढून टाका.

पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मागवा, फी ५०० रुपये. ते ठरावीक देशासाठी दिलं जातं, म्हणून अर्जात देश नीट निवडा. लहान मुलांसोबत काम करायचं असल्याने चांगल्या शाळा ते मागतातच. न मागणारी शाळा कशी असेल याचा अंदाज तुम्हीच करा. गुणपत्रिका आणि अनुभवपत्रांच्या रंगीत प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीचे डझनभर फोटो, आणि सगळ्याचं स्कॅन ई-मेलमध्ये ठेवा.

पैशाचा हिशेब

डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरून पहिल्या तीन महिन्यांचा माझा ढोबळ हिशेब असा. प्रवेशाचा व्हिसा ३५ डॉलर. वर्षाची मुदतवाढ २९० च्या आसपास. वर्क परमिट आणि वैद्यकीय तपासणी मिळून सुमारे १३०, चांगली शाळा हे स्वतः भरते. साधी खोली २५० प्रमाणे तीन महिने, वर एक महिन्याचं डिपॉझिट. खाणं महिना १८०. फोन, सायकल किंवा टुकटुक, किरकोळ मिळून २००. बेरीज २,१९५ डॉलर, म्हणजे दोन लाखांना थोडे कमी. जाण्या-येण्याचं तिकीट धरा ४५ हजार. अडीच लाख जवळ नसतील तर निघू नका. उसने घेऊन तर मुळीच निघू नका, कारण पहिल्या महिन्याचा पगार दुसऱ्या महिन्यात येतो.

कमाई? तासाला ८ ते १० डॉलर आणि आठवड्याला वीस तास धरले तर चार आठवड्यांचे ६४० ते ८००. खर्च वजा जाता शंभर ते अडीचशे शिल्लक. त्याच शाळेत त्याच वर्गाला शिकवणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला तासाचे बारा-पंधरा मिळत असतील, आणि तो तुम्हाला कदाचित ते सांगेलही. हे बघून मन खट्टू होतं. फिलिपिनो सहकारी यावर खांदे उडवून हसतात, त्यांनी हे फार आधी पचवलेलं आहे. घरी पैसे पाठवायचे म्हणून हे काम करू नका. अनुभव, प्रमाणपत्राला वजन आणि एक परका देश आतून बघायला मिळणं, एवढंच यातून मिळतं.

डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या. फाटलेली, पेनाने काही लिहिलेली नोट तिथला भाजीवालाही परत करतो. सुट्टे मात्र रिएलमध्ये मिळतात, एका डॉलरला सुमारे चार हजार.

उतरल्यावर

व्हिसाच्या रांगेत ही चूक करू नका. टुरिस्ट व्हिसा म्हणजे टी, तो पाच डॉलरने स्वस्त आहे आणि तो नोकरीसाठी वाढवून मिळत नाही. तुम्हाला ई वर्गाचा साधारण व्हिसा हवा. तो ३० दिवसांचा असतो, मग तो कामाच्या वर्गात, म्हणजे ईबीमध्ये, एक, तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी वाढवता येतो. लांबच्या मुदतवाढीला शाळेचं पत्र लागतं. नोकरी शोधत असलेल्यांसाठी ईजी नावाची वेगळी मुदतवाढही आहे. मुदत संपून राहिलात तर दिवसाला १० डॉलर दंड. व्हिसा असला तरी वर्क परमिट वेगळं काढावं लागतं, तो कामगार मंत्रालयाचा विषय. "व्हिसा आहे ना, मग झालं" म्हणणाऱ्या शाळेला हे लेखी विचारा. घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद सरकारी ॲपवर करायची असते. ती झाली नसेल तर मुदतवाढ अडते, म्हणून खोली घेतानाच विचारून घ्या.

मुंबई विमानतळावर एकट्या तरुण माणसाला "कंबोडिया कशाला?" असं विचारतात, आणि वर सांगितलेल्या प्रकारांनंतर ते बरोबरच आहे. खरं सांगा. शाळांशी झालेले ई-मेल, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि बँकेचं स्टेटमेंट हाताशी ठेवा. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली आणि रस्त्याची नाकी बंद झाली. त्यामुळे बँकॉकहून बसने जाण्याचे जुने सल्ले विसरा, विमानानेच जा.

नोकरी शोधायची सोपी पद्धत म्हणजे पायी फिरणं. इस्त्रीचा शर्ट, बायोडेटाच्या वीस प्रती, आणि सकाळी दहाच्या सुमारास शाळेचं गेट. एप्रिलच्या मध्याला ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नववर्ष असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पितरांचा प्चुम बेन. आपल्या पितृपक्षाच्याच सुमाराचा हा सण, पिंडासारखे भाताचे गोळे ठेवतात ते बघून मला घरची आठवण आली होती. या सुट्ट्यांत शहर रिकामं होतं, तेव्हा उतरू नका.

"फक्त नेटिव्ह स्पीकर" असं लिहिलेल्या जाहिरातींनाही अर्ज करा. काहीजण उत्तर देणार नाहीत, काही फोटो बघून नाही म्हणतील. पण वर्षाच्या मध्यात शिक्षक सोडून गेला की त्याच शाळेला उद्या सकाळी आठला वर्गात माणूस हवा असतो. मला पहिली नोकरी तशीच मिळाली, सोळाव्या दिवशी.

अनाथाश्रमात "स्वयंसेवक शिक्षक" होण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. तिथल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशांसाठी मुलं घरापासून तोडली जातात.

डेमो आणि पहिला वर्ग

आपण सगळे इंग्रजी मराठीतून शिकलो. बाईंनी धडा वाचला, ओळीचा अर्थ मराठीत सांगितला, फळ्यावर काळांचा तक्ता काढला. ही पद्धत आपल्या हाडात मुरली आहे आणि तिथे ती पहिल्याच मिनिटाला निकामी होते, कारण पोरांना मराठी येत नाही आणि तुम्हाला ख्मेर. माझ्या पहिल्या डेमोत मी फळ्यावर "प्रेझेंट कंटिन्यूअस" लिहून त्याची व्याख्या सांगायला लागलो. समोर सात वर्षांची चोवीस पोरं. तिसऱ्या मिनिटाला एक बाकाखाली गेला, आणि मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका हसू आवरत होत्या. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

पुढच्या डेमोला मी एक केळं, एक छत्री आणि एक टॉवेल घेऊन गेलो. केळं सोललं, खाल्लं, "आय अ‍ॅम ईटिंग" म्हणालो. छत्री उघडली, एका मुलीच्या हातात दिली, वर्गाला विचारलं. तिसऱ्या वस्तूला वर्ग स्वतःच बोलायला लागला होता. व्याकरणाचं नाव एकदाही घेतलं नाही. तुमचा डेमो असाच बांधा: एकच वाक्यरचना, चार-पाच खऱ्या वस्तू, आधी तुम्ही करून दाखवा, मग एक मूल, मग जोड्या. सूचना तीन-चार शब्दांच्या. "समजलं का?" असं कधी विचारू नका, सगळी पोरं हो म्हणतात, इथेही आणि तिथेही. त्याऐवजी छत्री मिटून विचारा, "आता काय चाललंय?" बघणारा मोजत असतो की तुम्ही किती बोललात आणि पोरं किती बोलली. म्हणून मराठी न वापरता सहा महिने शिकवण्याची अट घातली होती.

ख्मेर मुलांच्या चुका ओळखीच्या करून घ्या. त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि अनेकवचनाला प्रत्यय नाही, त्यामुळे "यस्टरडे आय गो" हे आळसातून येत नाही. शब्दाच्या शेवटी "स" आला की त्यांच्या तोंडी तो "ह"सारखा निघतो किंवा गळतो, मग "राइस"चं "राय" होतं. शेवटचा व्यंजन ऐकू येईपर्यंत टाळी वाजवायची नाही, असा खेळ मी करायचो.

मराठी माणसाला तिथे एक गंमत मोफत मिळते. शाळेला ख्मेरमध्ये "साला" म्हणतात. शिक्षक म्हणजे "क्रू", आपला गुरूच. पुरुष शिक्षकाला "लोक क्रू", बाईंना "नेअक क्रू". शून्याला "सोन". वर्णमालेचा क्रम क-ख-ग-घ-ङ असाच, कारण त्यांची लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलेली आहे. उच्चार मात्र पार बदललेत. आठवड्यात अक्षरं ओळखता यायला लागली, आणि मी पाट्या वाचतोय हे पाहिल्यावर शाळेतल्या कारकून बाईंचं वागणंच बदललं.

घर न सोडता, किंवा नवऱ्याच्या नोकरीमागे

जाण्याआधी चाचपणी करायला ऑनलाइन शिकवणं उत्तम. प्रेप्ली या शिकवणीच्या वेबसाइटवर पदवी लागत नाही, दर तुम्हीच ठरवता. पण नव्या विद्यार्थ्याचा पहिला चाचणी तास पूर्णपणे कंपनीच्या खिशात जातो आणि पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होऊन चारशे तासांनंतर १८ टक्क्यांवर येतं. त्यामुळे विद्यार्थी टिकवणारा कमावतो, रोज नवा शोधणारा फुकट राबतो. आयटॉकी या तशाच दुसऱ्या वेबसाइटवर पदवी-प्रमाणपत्र नसलेल्यांचा वेगळा गट असतो आणि कमिशन १५ टक्के. चिनी मुलांना ऑनलाइन शिकवून डॉलर कमावण्याचे जुने व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका, जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने ते दार लावलं.

वेळांचं गणित आपल्या बाजूचं आहे. जपानमधला नोकरदार रात्री आठला मोकळा होतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार. तुर्कस्तानात रात्री आठ म्हणजे इथे साडेदहा. ब्राझीलच्या नादी लागू नका, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. इंग्रजी सर्वसाधारण शिकवणारे हजारो आहेत, तेव्हा एक कोपरा धरा. माझी एक ओळखीची ताई, बारावीनंतर दहा वर्षं कॉल सेंटरला होती, ती फक्त फोनवर बोलायची भीती घालवते, आणि तिच्याकडे जागा नसते.

आता ते जपानचं मागचं दार. नवरा किंवा बायको तिथे नोकरीला असेल आणि तुम्ही अवलंबिताच्या व्हिसावर असाल, तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं आणि त्याला पदवीची अट नाही. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कसाईला, मराठी घरं भरपूर आहेत. पुण्याहून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. तिथल्या बालवाड्या आणि शाळेनंतरच्या इंग्रजी वर्गांत अर्धवेळ काम मिळू शकतं, पण आधी परवानगीचा शिक्का आणि मगच पहिला तास. जर्मनीत नोकरदाराच्या जोडीदाराला काम करायला मोकळीक असते. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मात्र वेगळं वर्क परमिट हाती येईपर्यंत ऑनलाइन तासही घेऊ नका.

आणि ती डिग्री

कंबोडियात दोन वर्षं झाली की पुढचा दरवाजा दिसतो: व्हिएतनाम, थायलंड, जास्त पगार. तिथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. म्हणून निघण्याच्या वर्षीच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत बी.ए.ला नाव घाला. मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलेलं आहे. परदेशात मात्र काही देश दूरस्थ पदवीला नाकं मुरडतात, त्यामुळे डोळ्यासमोर जो देश आहे त्याच्या वकिलातीला आधी लेखी विचारा.

अभ्यास तिकडे होतो, पण परीक्षेला इथल्या केंद्रावर हजर राहावं लागतं. मी पहिल्या करारावर सही करताना हे विसरलो आणि एक वर्ष वाया गेलं. दुसऱ्या करारात मुख्याध्यापिकेकडून मे-जूनचे चार आठवडे बिनपगारी रजा म्हणून लिहून घेतले. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. त्या दिवसापासून दर आठवड्याला ती मला विचारायची, "लोक क्रू, गृहपाठ झाला का?"